चपला कोण सांभाळणार?

आमच्या उज्जैनला पाहुणे आले की त्यांना कुठे न्यायचं, हे ठरलेलं आहे. महाकाल झाला, हरसिद्धी झाली, रामघाटावर पाय बुडवून झाले, की भर्तृहरीची गुंफा. क्षिप्रेच्या काठी, जरा गावाबाहेर. पाहुणे वाकत-वाकत एकामागून एक आत उतरतात आणि थोड्या वेळाने घामाने निथळत वर येतात. मी वरच असते. कोणीतरी चपला सांभाळायला हव्यातच ना!

लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून हे काम माझं. अख्ख्या गोतावळ्याला मी ती गुंफा दाखवली आणि स्वतः एकदाही आत गेले नाही. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट कौतुकच व्हायचं, वहिनी किती समजूतदार, बिचारी उन्हात बसून राहिली. हे भुयार आतून थेट काशीला निघतं असं लोक म्हणतात, ही माहितीसुद्धा मी बाहेर बसूनच सगळ्यांना पुरवत आले.

मला बंद जागेची भीती वाटते हे मला साठी जवळ आल्यावर कळलं. तेही गुंफेत नाही, टावर चौकाजवळच्या एका तपासणी केंद्रात, एमआरआयच्या यंत्रात अर्धी आत सरकल्यावर. डाव्या कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं आणि आत सतत बारीक शिट्टी वाजायची. कानाचे डॉक्टर म्हणाले, नस एकदा बघून घेऊ, गाठ-बिठ नाही ना याची खात्री करू. गाठ हा शब्द ते इतक्या सहज बोलून गेले, की घरी येईपर्यंत मी दुसरं काही ऐकलंच नाही, चांगल्या कानानेसुद्धा नाही.

पहिल्या वेळी मी, नकोसं झालं तर दाबायला हातात दिलेला रबरी फुगा दाबून बाहेर आले. दुसऱ्या वेळी फुग्याचीही वाट पाहिली नाही, सरळ पाय झाडायला लागले. तिथला यंत्र चालवणारा मुलगा भला होता, पण तोही म्हणाला, "आंटीजी, बच्चे तक कर लेते हैं।" मला माझीच लाज वाटली. भूल देऊन करता येतं, पण माझ्या दम्यामुळे डॉक्टर त्याला तयार नव्हते. "परदेशात जाऊन या, मन जरा शांत होऊ द्या," ते म्हणाले. "पण आल्यावर हे करायचंच. फार लांबवण्यासारखं नाही."

परदेशाचा विषय निघाला, कारण तिकिटं आधीच काढलेली होती. आमचे हे रेल्वेच्या माल विभागातून निवृत्त झाले, तेव्हा बंगळूरच्या आमच्या मुग्धाने आई-बाबांना व्हिएतनामची सहल भेट दिली. काय बघायचंय, असं तिने मला विचारलं होतं. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. समुद्री गुहा कशा बनतात ते फळ्यावर निळ्या खडूने रंगवलं, चुनखडीच्या गुहेतले वरून लोंबणारे आणि खालून वाढणारे खांब काढले, त्यांची अवघड शास्त्रीय नावं हिंदीत पाठ करून घेतली. स्वतः मात्र कर्कवृत्ताशेजारच्या या गावात बसून राहिले. तेव्हा मी मुलीला ऐटीत सांगून टाकलं होतं, "मला गुहा दाखव." तिने दाखवल्या! कार्यक्रमात दुसरं काही नव्हतंच.

यंत्रातून दुसऱ्यांदा पळून आल्यावर मी मुग्धाला फोन केला, की बाई गं, ते बदलून बाजारहाटाचं काही होतं का बघ. आता काही बदलत नाही, असं उत्तर आलं. माधव नगरातल्या आमच्या ओट्यावर बसून हे बॅगेत शेवेची पाकिटं कोंबत होते. ते म्हणाले, "अगं, त्या काय आपल्या भर्तृहरीसारख्या थोडीच असतील? मोठ्या-मोठ्या गुफा आहेत, हॉलसारख्या. तू फालतू टेन्शन नको घेऊ."

"मी घेतच नाही. तुम्ही आत जा, मी चपला सांभाळीन," मी म्हटलं. प्रश्न मिटला असं मला खरोखर वाटलं.

दा नांग

दा नांग हे समुद्राकाठचं मोठं, स्वच्छ, रुंद रस्त्यांचं शहर. पहिल्याच सकाळी समुद्र बघून मी इतकी हरखले, की दुसऱ्यांना शिकवलेली भरती-ओहोटी स्वतःच्या साडीला लागेपर्यंत लक्षातच आलं नाही. हे किनाऱ्यावर व्यायाम करणाऱ्या प्रत्येकाला आमच्या माळवी थाटात "जय महाकाल, भिया" म्हणत चालले होते. लोक हसून मान लववत होते.

जेवणाची धास्ती होती, पण एक शब्द कळला आणि काम सोपं झालं. 'चाय' म्हणजे शाकाहारी. तिथले बरेच लोक अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ठरावीक दिवशी मांस-मासळी सोडतात, आपल्या एकादशीसारखं, त्यामुळे चाय मागितलं तर कोणी चमकून बघत नाही. टोफू घातलेल्या शेवयांचा गरम रस्सा येतो, वर पाला असतो मूठभर. ह्यांनी पहिला घोट घेतला, विचार केला, आणि खिशातून शेवेची पुडी काढून वर भुरभुरली. आमच्याकडे पोह्यांवर शेव नसेल तर ते पोहे आजाऱ्याचे समजतात. दुकानाची मालकीण कमरेवर हात ठेवून बघत होती. ह्यांनी तिलाही चिमूटभर दिली. तिने खाल्ली, डोळे मोठे केले आणि तिखटाने खोकत आत पळाली.

दुपारी संगमरवरी डोंगर. सपाट जमिनीतून एकदम वर आलेले हे पाच डोंगर आणि त्यांच्या पोटात गुहा. पायथ्याला दगडी मूर्तींची दुकानं, सगळीकडे पांढरी भुकटी. वर चढून गेलं की एका कमानीतून पायऱ्या खाली उतरतात, हुएन खोंग नावाच्या गुहेत. आत बुद्धाची मूर्ती आहे असं कळल्याबरोबर ह्यांनी कमानीशी चपला काढल्या. मी जागा धरून बसले. अगदी घरच्यासारखं वाटलं.

शेजारी उदबत्त्या विकणारी एक सत्तरीची बाई होती. तिने मला बघितलं, चपलांना बघितलं, मग आत जाणाऱ्या लोकांच्या पायांकडे बोट दाखवलं. सगळे बूट घालून चालले होते. एकानेही काढले नव्हते. मी हसून खांदे उडवले. तिने आपल्यापाशी असलेलं वीतभर उंचीचं प्लॅस्टिकचं स्टूल मला दिलं, पपनस सोलून फोडी दिल्या, आणि त्यावर लावायला तिखट-मीठ. आपण पेरूला लावतो अगदी तसं. आम्ही दोघी खात बसलो. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. चपलांवरून मात्र तिने माझी जी चेष्टा चालवली होती, ती सगळी समजत होती.

हे बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच होता.

"अगं, वर छतालाच छेद आहेत. त्यातून ऊन असं सरळ खाली उतरतं, आणि उदबत्तीचा धूर त्या उन्हात चढत राहतो. मला सांगताच येत नाही. तू यायला पाहिजे होतं."

"मग चपला?"

"चपला कोण नेतोय इथे! सगळे घालूनच तर फिरतायत." ते खाली बसून पट्टे लावत होते, माझ्याकडे न बघता. "पूर्ण वेळ मला हेच वाटत होतं, की हिने बघायला पाहिजे. अर्धंच बघितल्यासारखं झालं."

उत्तर नसलं की मला राग येतो, तसा आला. सबंध संध्याकाळ मी त्यांना तोडून-तोडून बोलत राहिले.

फाँग न्या

दा नांगहून उत्तरेला फाँग न्याला गेलं की भूगोलाचं पुस्तकच उघडतं. भाताची हिरवीगार शेतं, त्यात चिखलात बसलेल्या म्हशी, आणि मधूनच उभे कापल्यासारखे चुनखडीचे डोंगर, आतून पोखरलेले. पावसाचं पाणी किंचित आंबट असतं, ते चुनखडीत मुरतं, तिला विरघळवतं, वाट काढतं. एवढंच. बाकी सगळं काम वेळ करतो. हे वाक्य मी वर्गात दरवर्षी म्हणायचे आणि मागच्या बाकावर दरवर्षी जांभई यायची.

इथे आम्हाला लान नावाची वाटाडी मिळाली. तिशीतली, चटपटीत, सुरेख इंग्रजी बोलणारी. गाडीत तिने विचारलं, तुम्ही गुहाच का निवडल्या? हे मागे वळून म्हणाले, "निवडल्या हिने आणि घाबरतेही हीच." मी डोळे वटारले, पण बोलून गेलं ते गेलंच. लान मात्र हसली नाही. ती म्हणाली, "माझी आई गुहेत जन्मली. युद्धाच्या काळात इथे आकाशातून बाँब पडायचे, तेव्हा गावंच्या गावं गुहांत राहायला गेली होती. आईला अजूनही उघड्या माळावर भीती वाटते. डोक्यावर दगड असला की तिला बरं वाटतं."

मी त्या बाईचा विचार करत राहिले. जी जागा बघून माझा श्वास अडकतो, तिथे हिच्या आईने पहिला श्वास घेतला होता.

थिएन दुओंग म्हणजे स्वर्ग. त्या गुहेपर्यंत जंगलातून चढून जावं लागतं. वर पोचलो आणि मी बघतच राहिले, कारण एवढ्या नामांकित गुहेचं तोंड अगदी लहान. माणसं त्यात शिरत होती आणि लाकडी जिन्याने खाली दिसेनाशी होत होती. माझ्या छातीत धडधडायला लागलं.

"चपला इथेच काढायच्या ना?" मी लानला विचारलं.

"नाही, नाही! आत ओलं असतं, घसराल. अनवाणी जायची परवानगीच नाही."

झालं! माझी नोकरीच गेली. मग मी गुडघा दुखतो म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण लानसमोर काही बोलले नाहीत. दोघं आत गेले आणि मी तोंडाशी एका दगडावर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच बाहेर बसले होते आणि राखायला काही नव्हतं. नुसतीच घाबरून बसलेली बाई होते मी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ते दिसतंय असं वाटत होतं. आतून गार हवेचा झोत येत होता. तो का येतो ते मला ठाऊक होतं. त्याने काही फरक पडला नाही.

थोड्या वेळाने लान धापा टाकत वर आली, एकटीच. मी दगडावरून उठलेच.

"मॅडम, प्लीज या. सर ठीक आहेत, पण ते ऐकत नाहीत. चपला काढून एका खांबासमोर उभे आहेत, डोळे मिटून काही म्हणतायत. हातात बाटली आहे, झाकण उघडलंय. रखवालदार शिट्ट्या मारतोय, तरी ते डोळे उघडत नाहीत."

क्षणात मला सगळं दिसलं. निघताना ह्यांनी महाकालच्या देवळातल्या कोटितीर्थ कुंडाचं पाणी एका छोट्या बाटलीत सीलबंद करून घेतलं होतं, कुठे स्वयंभू शिव भेटला तर असावं म्हणून. आणि चुनखडीच्या गुहेत जमिनीतून वाढलेला गुळगुळीत, गोल डोक्याचा, ओला दगड! उज्जैनचा माणूस त्याला दुसरं काय समजणार?

"अहो!" मी तिथूनच ओरडले आणि निघाले. तो जिना मी कशी उतरले ते मला आजही सांगता येत नाही. तोंडाने सारखी बडबड चालू होती. एवढं सांगितलं होतं, कुठे हात लावायचा नाही, शिकल्या-सवरल्या माणसाला कळत कसं नाही, अख्ख्या देशाची लाज काढणार हे. लान मागून "सावकाश, सावकाश" म्हणत येत होती. खाली लाकडी वाटेवर पोचले तर समोर हे. दोन्ही चपला बाजूला नीट जोडून ठेवलेल्या, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटतायत, बाटली उचललेली. रखवालदार दोन्ही हात पसरून त्यांच्या आणि दगडाच्या मध्ये उभा.

"थांबा! एक थेंब टाकायचा नाही!"

ह्यांनी डोळे उघडले. मला बघून ते दचकलेच. "तू? तू खाली आलीस?"

"ते नंतर. आधी झाकण लावा त्याला. तुमच्या हाताचं तेल लागलं ना, तर तेवढ्या जागी हा दगड वाढायचा थांबतो. आणि हे दुसरं पाणी टाकलं तर डाग पडायचा. हा काय तयार झालाय असं वाटलं तुम्हाला? अजून वाढतोय तो."

"अगं, पण स्वयंभू आहेत. पाणीही नाही घालायचं?"

"वर बघा."

ते वर बघायला लागले. मीही बघितलं. वरून, अंधारातल्या कुठल्याशा टोकावरून, एक थेंब सुटला आणि बरोबर त्या दगडाच्या माथ्यावर पडला. थोड्या वेळाने दुसरा.

"होतोय ना अभिषेक," मी म्हटलं. "आपण नव्हतो तेव्हापासून होतोय. तुमची गरज नाहीये."

ह्यांनी बाटलीला झाकण लावलं आणि हात जोडले. रखवालदाराने शिट्टी खाली केली. लानने मला विचारलं, मी काय सांगितलं. तिला समजावलं तेव्हा तीही दगडाकडे नव्याने बघायला लागली. मग ह्यांनी लानची आणि रखवालदाराची कान पकडून माफी मागितली. रखवालदाराला त्याचा अर्थ काय समजला कोण जाणे, पण त्यानेही हसत आपले कान पकडले.

आणि तेव्हा, सगळं शांत झाल्यावर, मी कुठे उभी आहे ते मला कळलं. चहूकडे डोंगर, डोक्यावर डोंगर. श्वास पुरेना. ह्यांनी माझं मनगट धरलं. "वर बघ. किती उंच आहे बघ. आपला चौकातला घड्याळाचा टावर अख्खा मावेल इथे." मी बघितलं. खरंच, छत इतकं वर होतं की दिवे तिथवर पोचत नव्हते. पांढरे, पिवळे, दुधाळ खांब वरून उतरत होते, खालून चढत होते, काही एकमेकांना भेटले होते. मी फळ्यावर काढलेल्या त्या चित्रांची मला दया आली. डोळ्यांत पाणी आलं, ते भीतीचं की आनंदाचं हे सांगायला मला वेळच मिळाला नाही, कारण लगेच मी म्हटलं, "चला वर."

वर येऊन उन्हात बसल्यावर मी ह्यांना सरळ विचारलं, हे नाटक मला आत आणायला केलंत का?

"नाही गं," ते म्हणाले. "महाकालची शपथ. मी तर खरंच पूजा करत होतो."

मला तेच बरं वाटलं. पण एक गोष्ट मला कळून चुकली होती. मी आत गेले ती रागाच्या भरात. यंत्रात शिरताना राग यायला तिथे कोणाला उभं करणार?

हा लाँग

हा लाँगच्या खाडीत फाँग न्याचेच डोंगर समुद्रात बुडालेत असं समजा. पाण्यातून वर आलेली असंख्य बेटं, दाट झाडोऱ्याची, आणि त्यांच्या बुडाला लाटांनी कोरून काढलेल्या खाचा. आमची बोट त्यांच्यामधून सावकाश चालली होती. सकाळी धुकं होतं, ते विरळ होत गेलं तशी एकामागे एक बेटं उमटत गेली. डेकवर चहा पीत आम्ही दोघं ती मोजत होतो. फाँग न्यानंतर ह्यांनी यंत्राचा विषय काढला नव्हता. मीही नाही.

दुपारी बोट लुओन नावाच्या समुद्री गुहेशी थांबली. एका बेटाच्या कड्याला पाण्यालगत बसकी कमान आहे, तिच्याखालून वेताच्या लहान होड्या आत जातात. आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. त्या दिवशी पाणी चढलेलं होतं, म्हणून छत आणखीच खाली आल्यासारखं दिसत होतं. इथे टावर काय, आमचा ओटासुद्धा मावला नसता.

होडी वल्हवणारी बाई माझ्याच वयाची होती. टोकेरी टोपी, तोंडाला फडकं, हात मात्र दांडगे. तिने हात पुढे केला. मी मागे सरकले.

"तुम्ही जाऊन या," मी ह्यांना म्हटलं. "मी इथून बघते."

या वेळी ह्यांनी आग्रह केला नाही, थट्टाही केली नाही. "राहू दे मग," म्हणाले. "मीपण नाही जात. अर्धंच बघायचं तर कशाला?" आणि खरंच रेलिंगला टेकून उभे राहिले. मुलीचा फोन आला की समुद्री गुहेबद्दल विचारणारा माणूस हा, फोटो बघून-बघून वाट पाहिलेली. त्यांच्या आवाजात जराही रुसवा नव्हता. तेच मला सहन झालं नाही.

"चला," मी म्हटलं. "उतरा खाली, मी बदलायच्या आत."

होडीच्या तळाला पाणी होतं. आमच्या फ्रीगंज बाजारातून नव्याने घेतलेल्या चामड्याच्या चपला भिजतील म्हणून ह्यांनी त्या काढल्या आणि नेहमीच्या सवयीने माझ्याकडे दिल्या. "धर जरा."

मी त्या मांडीवर घेतल्या. बाईने वल्हं मारलं.

कमान जवळ आली, डोक्यावर आली, आणि उजेड गेला. ओल्या दगडाचा वास आला. मानेवर थेंब पडला. मी चपला दोन्ही हातांनी घट्ट आवळल्या, त्यांचे पट्टे बोटांत रुतले. डोळे गच्च मिटले होते. यंत्रातही मी हेच केलं होतं. आणि मिटल्या डोळ्यांपुढे तोच अंधार, तीच न संपणारी नळी. माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण वल्ही थांबली. बाईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाली. मी डोळे उघडले. ती पुढे बोट दाखवत होती.

पुढे उजेड होता. कमानीचं दुसरं टोक, हिरवं-निळं, जवळच.

मला हसूच आलं. अगं बाई, तू भूगोलाची मास्तरीण! लाट एका बाजूने दगड खाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, हे तूच ना शिकवलंस? ही बंद जागा नव्हतीच. मी घाबरून डोळे मिटून घेतले होते आणि पलीकडचं दार मलाच दिसेनासं केलं होतं.

मग मी त्या उजेडावरून नजर हलवली नाही. भीती गेली नाही, ती माझ्याबरोबर होडीतच बसून होती. पण होडी पुढे चालली होती. आणि आम्ही बाहेर पडलो, तो चहूबाजूंनी उंच कड्यांनी वेढलेल्या एका गोल तळ्यात. वर आभाळ. पाणी इतकं स्थिर, की वल्ह्याचे थेंब पडल्याचा आवाज माझ्या उजव्या कानाला स्पष्ट ऐकू आला. कड्यावर माकडं होती. एक पिल्लू आईच्या पोटाला लटकून आमच्याकडे टक लावून बघत होतं.

ह्यांनी त्या पिल्लाला हात हलवून दाखवला. मग हळूच म्हणाले, "आता पूर्ण बघितलं."

परतताना तीच कमान. या वेळी मी डोळे मिटलेच नाहीत. चपला अजून माझ्या मांडीवर होत्या, आणि त्यांची मला आठवणही राहिली नव्हती.

पुन्हा टावर चौकाजवळ

घरी आल्याच्या आठवड्यातच आम्ही त्या केंद्रात गेलो. रिपोर्ट नंतर आला आणि त्यात काळजीचं काही निघालं नाही, कानाला यंत्र लावलं की भागेल, हे आताच सांगून टाकते. त्या दुपारी मात्र ते काही ठाऊक नव्हतं, आणि मला आधी आत जायचं होतं.

तोच मुलगा होता. मला ओळखून त्याचा चेहरा जरा पडला. मी त्याला विचारलं, "भैया, ये मशीन पीछे से खुली है क्या?"

"हाँ आंटीजी, दोनों तरफ से खुली रहती है। पहले नहीं देखा?"

"पहले आँखें कहाँ खोली थीं मैंने!"

त्याने मला यंत्राच्या मागे नेऊन दाखवलं. खरंच, नळीचं दुसरं तोंड मोकळं होतं आणि खोलीतला उजेड त्यातून आरपार जात होता. दोनदा येऊन मी हे बघितलंच नव्हतं.

कानातले, बांगड्या, मंगळसूत्र काढून मी ह्यांच्या हातात दिलं. दाराशी चपला काढल्या. आत जाऊन आडवी झाले. फळी सरकायला लागली तेव्हा छातीत धडधडलंच, पण डोळे उघडे ठेवून नजर मागे फिरवली की उजेडाची कड दिसत होती. मग तो खडखडाट सुरू झाला. मी मनातल्या मनात वल्हं मारत राहिले. मध्ये एकदा फुगा दाबावासा वाटला, तेव्हा थिएन दुओंगचा तो थेंब आठवला आणि पुढच्या थेंबाची वाट बघितली. मग त्याच्या पुढच्या. मुलगा आत येऊन "हो गया, आंटीजी" म्हणाला, तेव्हा माझा त्याच्यावर विश्वासच बसेना.

बाहेर आले. बाकावर हे बसले होते. खाली एवढी मोकळी फरशी असताना माझ्या जुन्या रबरी चपला त्यांनी मांडीवर घेतल्या होत्या, दोन्ही हातांनी घट्ट धरून. माझ्याकडे नुसतं बघत राहिले, विचारायचा धीर होईना.

"झालं," मी म्हटलं. "पूर्ण."

त्यांनी डोळे पुसले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चल तर मग. येत्या रविवारी भर्तृहरी."

"जाऊ," मी म्हटलं. "आधी चपला द्या इकडे."